औषधाची दुसरी बाजू
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी मेंदूविकारांची डॉक्टर. परिषदांत आम्ही आकड्यांवर वाद घालतो. रुग्णाच्या खाटेपाशी मात्र त्याच आकड्यांवर तुम्हांला निर्णय घ्यावा लागतो.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की अर्धांगाचा झटका येतो. ती विरघळवणारे 'टीपीए' हे औषध अमेरिकेत ६२४ रुग्णांवर पारखले गेले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी पुन्हा हिंडूफिरू लागलेले रुग्ण औषध मिळालेल्यांत अधिक होते. परंतु मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती ढासळलेले त्यांच्यात शेकडा ६.४ होते, इतरांत अवघे ०.६. असे असूनही एकंदर मृत्यू वाढले नाहीत.

तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ सालच्या युरोपातील प्रयोगानंतर ती साडेचार तासांवर गेली. मात्र औषध जितके लवकर, तितका गुण अधिक. झटका रक्तस्रावाचा असेल तर हेच औषध घातक ठरते, म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच.

संमतीचा कागद पुढे केला की पुष्कळ घरांतून उत्तर येते, "हे येऊ द्यात, मग सांगते." तोवर घड्याळ थांबत नाही.

भगिनींनो, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर वेळ टिपून ठेवा आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. तेथे गुण किती, धोका किती, हे दोन्ही विचारा. धोका सांगणारा डॉक्टर भिवविण्यासाठी सांगत नसतो. ऐकून घ्या आणि निर्णय स्वतः घ्या. तो अधिकार तुमचाही आहे.