सावड : शेजारधर्माचा हिशेब

(वार्षिक संमेलनातील भाषण)



शेजारधर्मावर चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. शेजारधर्म म्हटला की विरजण, वाटीभर साखर आणि आजारपणातील पेज यांचे स्मरण होते. त्यांस आम्ही हलके मानीत नाही. परंतु ज्या शेजारधर्मावर आपल्या कोकणातील घरांची वर्षाची बेगमी उभी होती, त्याचे नाव सावड. आणि तिच्याविषयीच बोलण्याचा आमचा मानस आहे.

भातशेतीस एकाच दिवशी पुष्कळ हात लागतात. तरव्यातील रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की ते खाचरात जावयास हवे. फार उशीर झाला तर फुटवे कमी येतात. रोप काढणे, चिखलणी आणि लावणी ही कामे एकामागून एक लगोलग चालावी लागतात, कारण चिखल बसतो आणि उपटलेले रोप बांधावर सुकते. चार माणसांच्या घरास हे साधावे कसे? म्हणून आज सर्वांनी मिळून एकाचे खाचर लावावे, उद्या दुसऱ्याचे. हिशेब कोठेही लिहिलेला नसे. पण दिवसास दिवस फेडलाच पाहिजे, घरधनी अंथरुणास खिळला असेल तर मुलाने जाऊन फेडला पाहिजे. बैलजोडी घेऊन आलेल्याचा दिवस नुसत्या माणसाच्या दिवसाहून जड धरीत.

घाटावर इर्जिक असे. गावकऱ्यांनी आपापली औते आणून एखाद्याचे रान दिवसभरात नांगरून द्यावे आणि घरधन्याने सर्वांस पोटभर जेवू घालावे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव-जुन्नरकडच्या आदिवासी गावांत डोंगरउतारावर भातखाचरे पाडण्याची पडकई याच जातीची. इर्जिकीत थाट अधिक. तरीही आमचे मत सावडीच्या बाजूस झुकते. घरात बैल नसलेली विधवा चार दिवस दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी करी आणि त्या मोबदल्यात तिचे शेत नांगरले जाई. तिच्यावर कोणाचे उपकार होत नसत. मदत मोजली जात होती, म्हणूनच तिला मान वर ठेवून ती घेता येत होती.

आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला १९०४ साली. सावडीस ना कायदा होता, ना दप्तर, ना चेअरमन. (चेअरमन नव्हता म्हणूनच ती इतकी टिकली, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही!)

मग ती मोडली कशाने? यंत्रांस दोष देणे सोपे आहे. पण पहिला घाव आपल्याच मनिऑर्डरींनी घातला, हे या सभेत सांगणे आम्हांस प्राप्त आहे. मुंबईहून पैसे जाऊ लागले, तशी आपल्या घरांनी रोख मजुरी देऊन माणसे लावली. सावड अंगाने फेडावयाची असते. चाकरमान्याचे अंग गिरणीत. रोख मिळू लागल्यावर हात तिकडे वळले आणि ज्या शेजाऱ्याजवळ रोकड नव्हती, त्याचे रोप तरव्यातच पिवळे पडले.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. सावडीत जातपात नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. ज्यांचे बांध आपल्या बांधास लागून होते, त्यांपैकी काहींना आपण कामास बोलाविले, परंतु सावडीत धरले नाही. सुपात धान्य घातले आणि फेडीस मात्र कधी गेलो नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून शेजारधर्म सांगताना हे विसरून चालणार नाही. ज्ञातिबांधव दहा कोसांवर असतो, पाणी मात्र शेजाऱ्याच्या खाचरातूनच आपल्या खाचरात उतरते.

तेव्हा आमची सूचना अशी. शिष्यवृत्तीस हात न लावता, या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे उरेल त्यातून एक पॉवर टिलर घेऊन गावी ठेवावा. तो ज्ञातीच्या नावाने न ठेवता वाडीच्या स्वाधीन करावा आणि बांधाला बांध असलेल्या प्रत्येक घरास, मग ते कोणाचेही असो, त्याची पाळी मिळावी. डिझेल ज्याचे त्याने घालावे. ज्यास तेही परवडत नाही, त्याने लावणीचे दिवस द्यावे. आणि ज्यांची घरे गावी बंद आहेत, त्या आपण मुंबईकरांनी जुलैत निदान दोन दिवस रजा काढून चिखलात उतरावे. यादी चिटणीसांच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव आम्ही आमचे घातले आहे.