नवस आणि नेम



मंदिराचा जीर्णोद्धार गावाच्या एकोप्याने झाला. कुणी पैसा दिला, कुणी दगड-वाळू वाहिली, कुणी नुसते श्रम दिले. असे काम पार पाडणाऱ्या गावाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. देवळाची भिंत खचली की आपण ती बांधतो, मग माणसाची डागडुजी कोण करणार?

आपण देवीला नवस करतो. नवसात आपण मागतो आणि देवी देते. नेम त्याहून वेगळा. नेमात मागणारा आणि देणारा आपणच. म्हणून नवस सोपा आणि नेम कठीण.

संत गाडगेबाबांचे उदाहरण पाहा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे ते जन्मले. वडील दारूपायी लवकर गेले. शाळेचे तोंड पाहिले नाही. पण मुलीच्या बारशाला त्यांनी रूढीप्रमाणे दारू-मटणाचे जेवण न घालता गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांचा राग पत्करला, पण सुधारणा प्रथम स्वतःच्या घरात केली. १९०५ साली घर सोडल्यावर हातात खराटा घेतला. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात कर्ज, व्यसन, पशुहत्या यांवर बोलायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबांनी स्वतःसाठी घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हाही त्यांची ओळख गाडगे आणि खराटा हीच होती.

एवढे मोठे कार्य आपल्या हातून होणार नाही, असे कुणी म्हणेल. त्याने आपल्या येरमाळ्याची चैत्री पौर्णिमेची यात्रा आठवावी. येडेश्वरीचे भाविक चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. एकाचे खडे ओंजळभरच असतात, पण ढीग साऱ्यांचा होतो.

नेमही असाच ओंजळभर असावा. 'चांगले वागेन' हा नेम नव्हे. त्याचा हिशेब लागत नाही. 'लग्नासाठी कर्ज काढणार नाही', 'तंबाखू सोडीन', 'रोज दोन पाने वाचीन' हा नेम. तो पाळला की मोडला, हे संध्याकाळी कळते. तो कागदावर लिहून तारीख घालावी आणि घरातल्या एकाला सांगावे. मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा. लाज मोडल्याची नाही, सोडून दिल्याची आहे.

त्याला दुसरा भाग जोडावा. तंबाखूचे वाचलेले पैसे एखाद्या पोराच्या वह्यांना द्यावेत. लिहिता येणाऱ्याने आठवड्यातून एकदा निरक्षर म्हाताऱ्याचा अर्ज लिहून द्यावा, सातबारा वाचून दाखवावा. स्वतःपुरता नेम लवकर सुटतो. दुसरा कुणी वाट पाहत असला म्हणजे तो टिकतो.

पुढच्या चैत्री पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घराने असा एक नेम धरावा, एवढीच विनंती.