जमीन अजून आपल्या नावावर नाही
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



आमदार साहेबांनी आत्ता रस्ता, गटार, पाणी यांचा आढावा दिला. त्यांचे आभार. मी एकाच विषयावर बोलणार आहे : कन्व्हेयन्स.

२५ वर्षं झाली. इमारत आपली, जमीन मात्र बिल्डरच्याच नावावर. १९६३ च्या मोफा कायद्याखाली, करारात वेगळी मुदत नसेल तर, संस्था नोंदल्यापासून ४ महिन्यांत त्याने ती द्यायची असते. तो देत नाही, म्हणून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. बिल्डरची सही नसली तरी जिल्हा उपनिबंधक आदेश देऊ शकतात. निर्णयाला मुदत ६ महिने.

आमच्या बँकेत म्हणायचे, टायटल क्लिअर नसेल तर तारण कामाचं नाही. उद्या पुनर्विकास काढला की पहिला प्रश्न हाच येईल.

साहेब, कायदा तुमच्या सभागृहाचा आहे. आमचा अर्ज मुदतीत निकाली निघेल, एवढं पाहा. आणि सभासदांनो, करारनामा व इंडेक्स टू यांच्या प्रती ऑफिसात द्या. ३२ पैकी ११ जणांच्याच आल्या आहेत. उरलेल्या २१ शिवाय फाइल पुढे सरकायची नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!