कलासंकुलाचे इंटरनेट : कांपालच्या निमित्ताने



पणजीत मांडवीच्या काठाने कांपालच्या दिशेने निघाले की गोव्याच्या सार्वजनिक कलाव्यवहाराचा फार मोठा भाग चालण्याच्या अंतरात येतो. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची इमारत, शेजारचा मॅकिनेझ पॅलेस, चित्रपटगृहे, आणि पुढे चार्ल्स कोरिया यांनी आखलेली, १९८३ साली खुली झालेली कला अकादमी. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथे भरतो. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो. केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह, मराठी आणि कोकणी नाट्यस्पर्धा, तियात्र, भजनी मंडळांच्या स्पर्धा हे सगळे या परिसराचे नित्याचे जीवन. अशा ठिकाणी वेगवान इंटरनेटची सोय सुधारायची म्हटली की चर्चा बहुधा एकाच गोष्टीपाशी थांबते, ती म्हणजे प्रेक्षकांसाठी मोफत वायफाय. निविदेतही मोठ्या अक्षरांत आकडा असतो तो डाउनलोडचा. माझे म्हणणे वेगळे आहे. सार्वजनिक कलासंकुलाचे इंटरनेट हा त्या इमारतीचा कायमचा भाग मानावा, ते सार्वजनिक मालकीचे असावे, आणि त्याची आखणी प्रेक्षकांच्या फोनसाठी करण्याऐवजी रंगमंचावरून बाहेर जाणाऱ्या ध्वनिचित्रांसाठी करावी.

याचे कारण कलासंकुलाच्या कामातच आहे. घरी आपण इंटरनेटवरून घेतो जास्त आणि देतो कमी; चित्रपट पाहतो, बातम्या वाचतो. म्हणून घरोघरी पोहोचलेले फायबर त्याच हिशोबाने बांधलेले असते. जीपॉन या रूढ पद्धतीत येण्याचा वेग सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट, जाण्याचा त्याच्या निम्मा, आणि एवढ्यात बत्तीस किंवा चौसष्ट घरे वाटेकरी. कलासंकुलाचे उलट आहे. तिथे निर्मिती होते आणि ती बाहेर पाठवायची असते. एका मैफलीचे बत्तीस मार्गिकांवरचे ध्वनिमुद्रण घ्या. चोवीस बिट आणि अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ या स्टुडिओच्या सर्वसाधारण मापाने तीन तासांत सुमारे पन्नास गिगाबाइट माहिती साठते. अपलोडचा वेग वीस मेगाबिट असेल तर ती सुरक्षित ठिकाणी पाठवायला साडेपाच तास लागतील, तेही दुसरे कोणतेही काम त्या तारेवर नसेल तर. चित्रपटाचे गणित याहून जड आहे. डिजिटल चित्रपटगृहांच्या प्रमाणकात चित्राला सेकंदाला अडीचशे मेगाबिटपर्यंत मुभा आहे, म्हणजे दोन तासांचा चित्रपट सव्वादोनशे गिगाबाइटपर्यंत जातो. पणजीतून तो मडगावच्या रवींद्र भवनात पाठवायचा म्हटला तर शंभर मेगाबिटच्या तारेला पाच तास, एक गिगाबिटला अर्धा तास आणि दहा गिगाबिटला तीन मिनिटे. पाच तास लागणार असतील तर हार्ड डिस्क घेऊन माणूस गाडीने जाईल, आणि तेच शहाणपणाचे ठरेल. तीन मिनिटांत काम होत असेल तर महोत्सवाची आखणीच बदलते. पणजीत गर्दीमुळे न मावलेला खेळ त्याच दिवशी दुसऱ्या गावात लावता येतो.

वेगाइतकीच, किंबहुना संगीतासाठी वेगाहून मोठी गोष्ट म्हणजे विलंब. एरवीच्या व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकत्र गायचा प्रयत्न केला तर लय तुटते, आणि त्यावरून दूर अंतरावरची संगत अशक्य असते असा समज पक्का झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबलने कितीही वळणे घेतली आणि पणजी ते पुणे हे अंतर हजार किलोमीटर धरले, तरी एका बाजूचा प्रवास पाच मिलिसेकंदांचा. हवेतला आवाज तेवढ्या वेळात जेमतेम पावणेदोन मीटर जातो. म्हणजे अंतरापुरते बोलायचे तर पणजीतला गवई आणि पुण्यातला तबलजी एका बैठकीवर शेजारी बसले आहेत. विलंब वाढतो तो चित्र आणि ध्वनी दाबून लहान करण्यात, गर्दीच्या तारेवर ताटकळण्यात. इटलीत त्रिएस्तेच्या तार्तिनी संगीत विद्यालयाने त्यांच्या देशातल्या शैक्षणिक जाळ्याच्या मदतीने ‘लोला’ नावाची प्रणाली घडवली ती याच अडचणीवर. ध्वनिचित्र न दाबता पाठवायचे आणि त्यासाठी मोठी, मोकळी तार राखून ठेवायची. २०१० साली त्रिएस्ते आणि पॅरिस येथील वादकांनी तिच्यावरून एकत्र वादन केले. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण पंचवीस ते तीस मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब सोसतो. लंडनच्या बाबतीत अंतरच ही मर्यादा ओलांडते, तेव्हा तिथल्या कलाकाराशी थेट संगत होणार नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मुंबई, पुणे, धारवाड, बेळगाव हा जो आपल्या संगीताचा जुना शेजार आहे, तो सगळा या मर्यादेच्या आत आहे. गुरू पुण्यात आणि शिष्य पणजीत, अशी तालीम शक्य आहे. सर्वसाधारण घरगुती जोडणीच्या भरवशावर मात्र ती उभी राहणार नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या नॅशनल नॉलेज नेटवर्कने विद्यापीठे आणि संशोधन संस्था मोठ्या क्षमतेच्या जाळ्याने जोडल्या. कलासंकुलांनी त्याच दर्जाची जोडणी हक्काने मागितली पाहिजे, कारण संगीताची तालीम हेही ज्ञानाचेच काम आहे.

आता मालकीचा प्रश्न. मोठा महोत्सव आपली सोय करून घेऊ शकतो. आठ-दहा दिवसांसाठी खास तार ओढायची, यंत्रे भाड्याने आणायची, काम संपले की सगळे गुंडाळून न्यायचे, हे त्याच्या अंदाजपत्रकात बसते. पेडण्याच्या दशावतारी मंडळीला किंवा सत्तरीच्या भजनी मंडळाला ते कुठून परवडणार? त्यांचा प्रयोग आखाती देशांतल्या नातेवाइकांनी पाहावा असे वाटले तर एका फोनवर, हलत्या चित्रात, मध्येच तुटणाऱ्या आवाजात तो दाखवावा लागतो. तात्पुरत्या जोडणीवर केलेला खर्च दरवर्षी मोठ्यांच्याच वाट्याला जातो आणि परिसरात मागे काहीही उरत नाही. कायमची जोडणी उरते, आणि वर्षातल्या बाकीच्या दिवसांत ती लहान मंडळांची असते. रंगमंचाच्या भाड्यातच प्रकाश आणि ध्वनी येतो, तशी चांगल्या दर्जाच्या थेट प्रक्षेपणाची तारही आली पाहिजे. सार्वजनिक पैसा इथे का घालावा, याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत बळकट कारण आहे.

फाइव्ह जी आले असताना खोदकाम कशाला, असे विचारले जाते. भारतात ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि एकट्यादुकट्या फोनवर ती खरोखर वेगवान आहे. पण मोबाइलची लहर सर्वांत वाटली जाते. हजाराच्या जवळपास आसनांचे नाट्यगृह भरले, बाहेर नदीकाठी तेवढीच गर्दी जमली, की नेमक्या त्या वेळी वेग ढासळतो, आणि थेट प्रक्षेपण हवे असते तेही नेमके त्याच वेळी. शिवाय मोबाइलचा मनोरा काय किंवा छतावरचा वायफायचा ठोकळा काय, दोघांनाही मागून भक्कम तार लागतेच. जुन्या वायफायच्या लहरीत एकमेकांना न अडवणाऱ्या वाटा फक्त तीन. माणसांची शरीरे ती लहर शोषून घेतात. म्हणून भरलेल्या सभागृहात बरेच ठोकळे लावावे लागतात आणि प्रत्येकापर्यंत केबल न्यावी लागते. बिनतारी सोय चांगली हवी असेल तर आधी तारा चांगल्या हव्यात.

पैशाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. रंगपट नीट नाही, स्वच्छतागृहे नीट नाहीत, अशा वेळी इंटरनेटवर खर्च करावा का? हे प्रश्न खरे आहेत आणि मी त्यांना दुय्यम मानत नाही. पण या खर्चाची फोड पाहा. फायबर स्वतः स्वस्त आहे. महाग असते ते खोदणे, फरशी उचलणे, भिंत फोडणे. इमारत दुरुस्तीसाठी उघडलेली असतानाच रिकाम्या नळ्या टाकून ठेवल्या तर नंतरचे काम केवळ केबल ओढण्याचे राहते. कला अकादमी २०२१ ते २०२३ या काळात नूतनीकरणासाठी बंद होती, आणि पणजीत स्मार्ट सिटीच्या कामांसाठी रस्ते पुन्हा पुन्हा खोदले गेले. एवढ्या मोठ्या कामांत अशा नळ्यांची तरतूद हा आराखड्यातला ठळक मुद्दा असायला हवा, आणि पुढच्या प्रत्येक खोदकामात तो आधी विचारला जावा. काचेचा तंतू कित्येक दशके टिकतो. दोन टोकांची यंत्रे सहा-सात वर्षांनी बदलली की त्याच तंतूवरून दसपट माहिती जाते. कांपालच्या हवेत तर तो तांब्याहून कितीतरी योग्य. खारा वारा त्याला गंजवत नाही, आणि धातूविरहित केबल असेल तर पावसाळ्यातल्या विजेचा झटका तिच्यातून यंत्रांपर्यंत पोहोचत नाही. जपायचे असतात ते सांधे आणि चेंबर. गोव्याच्या पावसात चेंबर पाण्याने भरणार हे गृहीत धरूनच ते बांधले पाहिजेत. जुन्या इमारतीच्या जाड भिंतींना भोके पाडू नयेत हेही मला मान्य आहे. तिथे विजेच्या जुन्या वाटांनीच फायबर न्यावे, आणि जिथे तीही वाट नसेल तिथे शेवटचे काही मीटर बिनतारी ठेवावे.

उरतो रसिकांचा आक्षेप. नाट्यगृहात तरी फोनपासून सुटका हवी, असे ते म्हणतात. मी त्यांच्याच बाजूचा आहे. प्रयोग चालू असताना आसनांवरचे वायफाय बंद ठेवावे. आज मंचावरचा ध्वनी आणि दिव्यांच्या आज्ञाही संगणकाच्या जाळ्यावरूनच जातात. प्रेक्षकांची वर्दळ त्यांच्यापासून पूर्ण वेगळी ठेवणे हा तांत्रिक सुरक्षेचाही भाग आहे.

या सगळ्याला सांभाळणारा माणूस लागेल. नाट्यगृहाला प्रकाशयोजना आणि ध्वनी पाहणारे तंत्रज्ञ लागतात, तसे नेटवर्क पाहणाऱ्याचे कायम पद निर्माण व्हावे. कंत्राटदाराच्या हेल्पलाइनवर हे भागणार नाही, कारण तिसऱ्या घंटेला तार गेली तर ती त्याच क्षणी दुरुस्त व्हावी लागते. आणि पुढची निविदा निघेल तेव्हा तिच्यात चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : अपलोडचा किमान वेग, विलंबाची कमाल मर्यादा, दोन वेगळ्या मार्गांनी येणाऱ्या दोन तारा, आणि नळ्या व फायबर यांची मालकी संकुलाकडे. मोफत वायफायचे कलम त्यानंतर यावे.