नागीण, तिचे औषध आणि थकलेले मूत्रपिंड

नागीण हा आजार मराठी घरांना नवा नाही. बरगडीखाली किंवा कमरेवर एकाच बाजूला प्रथम आग होऊ लागते, दोन-तीन दिवसांनी त्या जागी पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी दबक्या आवाजात विचारतात, “तोंडाला शेपूट मिळाले नाही ना?” नागिणीने विळखा पुरा केला की माणूस दगावतो, ही समजूत फार जुनी आहे. वस्तुतः ज्या मज्जातंतूच्या वाटेने हे फोड उठतात, तो तंतू शरीराच्या एकाच अंगाला पसरलेला असतो. मध्यरेषा ओलांडण्याचे त्याला कारणच नसते. गेरूचा लेप लावून विळख्याची वाट पाहण्यात मात्र औषध सुरू करण्याची मोलाची वेळ निघून जाते.

हे दुखणे कांजिण्यांच्याच विषाणूचे होय. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, अंगावरचे व्रणही पुसले, तरी तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडी मारून बसतो आणि वार्धक्याने अगर दुसऱ्या एखाद्या आजाराने शरीराची प्रतिकारशक्ती उणावली की पुन्हा डोके वर काढतो. त्याच्यावर आज खात्रीचे औषध आहे. असायक्लोव्हिर हे त्याचे नाव. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते बाहेर पडले, त्या जर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन सहकारी शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. या औषधाची खुबी अशी की निरोगी पेशीत ते जवळजवळ निद्रिस्त राहते. विषाणूने ग्रासलेल्या पेशीत विषाणूचेच एक विकर त्याला जागे करते आणि जागे झालेले औषध विषाणूचीच वाढ रोखते. शत्रूच्याच हाताने त्याच्या दाराला कडी घालावी, तसा हा प्रकार आहे. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत अधिक होतो.

इतके गुणी औषध, मग त्याची भीती कसली? भीती औषधाची नाही. ते शरीराबाहेर जाते त्या वाटेची आहे. रक्तात शिरलेले असायक्लोव्हिर बहुतांशी जसेच्या तसे मूत्रावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे धडधाकट असली तर रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे अडीच ते तीन तासांत निम्म्यावर येते. मूत्रपिंडांनी काम जवळजवळ सोडले असेल तर त्याच गोष्टीस सुमारे २० तास लागतात. पहिली गोळी अंगात असतानाच दुसरी येते, दुसरीच्या पाठीवर तिसरी. मोरीचे तोंड अर्धे बुजले आहे आणि नळ मात्र पूर्वीच्याच धारेने सोडून ठेवला आहे, असे हे होते.

समजा, बेळगावातील शहापूर भागातल्या एखाद्या घरी ७८ वर्षांच्या आजी आहेत. वजन ४५ किलो. त्यांना नागीण झाली. शेजारच्या तरुणाला गेल्या वर्षी ज्या गोळ्यांनी गुण आला, त्याच गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून आणल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी आजींची जीभ अडखळू लागली, हातांना मधूनच हिसके बसू लागले, आणि कोपऱ्यात कोणी नसताना त्या तेथे बसलेल्या माणसांशी बोलू लागल्या. सूनबाई रडकुंडीला येऊन डॉक्टरांना सांगते, “डॉक्टरसाहेब, परवापर्यंत आई स्वतः देवपूजा करत होत्या हो!” कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते वाऱ्याचा झटका असेल, कोणाला वाटते नागीण मेंदूत चढली. विषाणू मेंदूपर्यंत पोचल्याची शंका डॉक्टरांनाही घ्यावीच लागते, आणि ती तपासून दूर करावी लागते. परंतु गोळ्या सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत असा भ्रम उद्भवला आणि मूत्रपिंडे थकलेली असली, तर साचलेल्या औषधाकडे प्रथम पाहिले पाहिजे. ते वेळीच ओळखले, औषध थांबवले, जरूर पडल्यास डायलिसिसने रक्त शुद्ध केले, की बहुधा काही दिवसांत माणूस भानावर येतो.

या आजींच्या मूत्रपिंडांना काही झाले आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि खरी मेख येथेच आहे. रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा १.४ आला होता. ‘थोडेसेच वाढले आहे’ म्हणून कागद कपाटात गेला. परंतु क्रिएटिनिन हा पदार्थ स्नायूंतून तयार होतो, आणि कृश वृद्ध स्त्रीच्या अंगात स्नायू असतात किती? थोडे तयार होते म्हणून थोडे दिसते. गाळण्याची शक्ती किती उरली आहे, ते त्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी १९७६ साली प्रसिद्ध झालेले कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र आजही वापरतात. १४० मधून वय वजा करावे, उरलेल्या संख्येस वजनाने गुणावे, ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागावे. रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणावे. आजींच्या बाबतीत हे उत्तर सुमारे साडेतेवीस येते. तेच १.४ क्रिएटिनिन असलेल्या ७० किलो वजनाच्या तिशीतील पुरुषाचे उत्तर ७६ च्या वर जाते! कागदावर आकडा एक, आणि मूत्रपिंडांत एवढी तफावत.

आता मात्रेचा हिशेब पाहावा. नागिणीसाठी असायक्लोव्हिर नेहमी ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. वरील उत्तर १० ते २५ यांच्या दरम्यान असेल तर तीच गोळी दर आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीनदा. १० च्या खाली असेल तर बारा तासांनी. व्हॅलासायक्लोव्हिर हे याच औषधाचे सुधारलेले रूप पोटातून रक्तात पुष्कळ अधिक शोषले जाते, म्हणून तेथे सावधगिरीही अधिक हवी. एरवी एक ग्रॅम दिवसातून तीनदा. आजींसारख्यांना एक ग्रॅम दिवसातून एकदाच. हे गणित डॉक्टरांनी करावयाचे आहे, घरच्यांनी नव्हे. घरच्यांनी करावयाचे ते इतकेच, की रुग्णाचे वय, वजन आणि शेवटचा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवावा. भीतीपोटी औषधच टाळणे, किंवा मनानेच अर्धी गोळी मोडून घेणे, हाही उपाय नव्हे. नागिणीमागून महिनोन्‌महिने रेंगाळणारा ठणका ज्यांनी सोसला आहे, त्यांना हे सांगावयास नको.

ठणक्यावरून आणखी एक गोष्ट निघते. दुखणे असह्य झाले की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणल्या जातात. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि आधीच अर्धी बुजलेली मोरी आणखी बुजते. नसांच्या वेदनेसाठी डॉक्टर देतात त्या गॅबापेंटिन व प्रिगॅबॅलिन यांनाही बाहेर पडण्याची वाट मूत्रपिंडाचीच. त्यांचीही मात्रा बेताने ठरवावी लागते, नाहीतर झोप अनावर होते आणि म्हातारे माणूस रात्री उठताना पडते. चालू असलेली प्रत्येक गोळी, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारीसुद्धा, डॉक्टरांना दाखवावी ती याचसाठी.

पाण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. असायक्लोव्हिर मूत्रात फारसे विरघळत नाही. शिरेतून घाईने दिले किंवा शरीरात पाणी कमी असले, तर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात. म्हणून या दिवसांत पाणी पुरेसे प्यावे. उलट्या-जुलाब होत असतील तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे. मात्र हृदयविकारामुळे किंवा सुजेमुळे ज्यांचे पाणी मोजून दिले जाते, त्यांनी तांब्यामागून तांब्या रिचवू नये. त्यांचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

जे रुग्ण डायलिसिसवर आहेत त्यांच्यापुढे प्रश्न निराळाच असतो. सहा तासांच्या डायलिसिसने रक्तातील असायक्लोव्हिर सुमारे ६० टक्क्यांनी उतरते. सकाळी गोळी घेऊन डायलिसिसला गेले, तर औषधाचा मोठा भाग यंत्रातच धुतला जातो. म्हणून डायलिसिसच्या दिवशी त्या दिवसाची मात्रा डायलिसिस आटोपल्यावर द्यावी लागते, आणि ती वेळ चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घेणे बरे. कारण घरी गोळ्या देणारा हात दर वेळी त्याच माणसाचा असतो असे नाही.