फोनचा सातबारा कुणाच्या नावावर?

 

आजचा विषय तुमच्याच प्रश्नातून निघालाय. गटाच्या बैठकांना गेलं की कुणीतरी ताई फोन पुढे करते आणि म्हणते, "हा लय अडकतोय. नको ती ॲप भरलीत, काढायला गेलं तर निघत नाहीत. पोरगं म्हणतंय, रूट करून देतो, मग फोन मोकळा होईल. करू द्यावं का?"

प्रश्न छोटा दिसतो, पण त्यात मोठी गोष्ट आहे. पैसे आपण मोजले, फोन आपल्या पिशवीत आहे, मग त्यातलं एक ॲप काढायचा हक्क आपल्याला का नाही? फोनचा खरा मालक कोण? त्याचंच आज बोलूया.

आधी रूट म्हणजे काय ते पाहू. रूट म्हणजे मूळ. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स नावाची प्रणाली असते. १९९१ साली फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. या प्रणालीत एक मुख्य वापरकर्ता असतो, त्याचं नाव रूट. त्याला कुठलंही दार बंद नाही. तो काहीही उघडू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. आपण फोन विकत घेतो तेव्हा आपल्याला वापरायचा हक्क मिळतो, ही मूळ किल्ली मात्र मिळत नाही. ती मिळवणं म्हणजे फोन रूट करणं.

ही किल्ली आपल्याला का देत नाहीत? त्यात कंपनीचा फायदा आहे, हे खरं. फोनसोबत आलेली काही ॲप तिथेच राहावीत, असं तिला वाटतं. पण आपल्या सुरक्षिततेचाही त्यात भाग आहे. मोठ्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि कुलूप वेगळं असतं, तसं फोनमध्ये प्रत्येक ॲपला वेगळी खोली दिलेली असते. पोरांच्या खेळाच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या खोलीत शिरता येत नाही. रूटची किल्ली सगळ्या खोल्यांना लागते. ती चुकीच्या ॲपच्या हाती पडली तर या भिंतींचा काही उपयोग उरत नाही.

आता रूट करणारे सगळे वाईट असतात का? अजिबात नाही. एक जुनी गोष्ट सांगतो. अँड्रॉइडचे फोन नवे होते तेव्हा बऱ्याच फोनवर मराठी दिसतच नसे. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन यायचे. तेव्हा काही जाणकार, हौशी मंडळींनी आपापले फोन रूट केले आणि त्यात देवनागरी अक्षरांचा फॉन्ट स्वतः टाकला. आपल्या भाषेत वाचता यावं म्हणून त्यांनी कंपनीचं कुलूप उघडलं. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही फोनची भाषा म्हणून रीतसर आली. २०१७ मध्ये गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय झाली. आता त्या कामासाठी कुलूप फोडायची गरज राहिली नाही. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी निवडली की झालं.

आजही जाणकार माणसं जुन्या फोनवर नवी प्रणाली चढवतात. कंपनीने नवे अपडेट देणं बंद केलं, तरी तो फोन आणखी काही वर्षं चालतो. फोन फेकण्यापेक्षा ते बरंच. म्हणून घरातलं पोरगं किंवा पोरगी हे शिकत असेल तर तिला रागावू नका. कपाटात पडलेला जुना फोन द्या, त्यातलं सिमकार्ड काढा आणि शिकू द्या.

पण ज्या फोनवर बँकेचे निरोप येतात, गटाचा हिशोब असतो, लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, तो फोन रूट करायला देऊ नका. त्याची किंमत काय पडते, ते एकेक करून सांगतो.

पहिली गोष्ट. रूट करण्यासाठी बहुतेक वेळा बूटलोडर उघडावा लागतो. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना दारात उभा असलेला राखणदार. कंपनीची मोहोर असलेलीच प्रणाली तो आत सोडतो. त्याला बाजूला केलं की सहसा फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो, नंबर, लेकीच्या बारशाचा व्हिडिओ, सगळं. काही कंपन्या हा राखणदार हलवूच देत नाहीत. काही देतात, पण मग वॉरंटी मिळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट. फोन रूट झालाय हे बँकांची आणि पैसे पाठवायची अनेक ॲप ओळखतात आणि चालायला नकार देतात. मग दुधाचे पैसे फोनवर कसे घेणार?

तिसरी गोष्ट. मध्येच चार्जिंग संपलं किंवा चुकीची फाईल पडली तर फोन उठतच नाही. जाणकार याला फोनची वीट झाली म्हणतात. पंढरीच्या विटेचं मोल वेगळं, ही वीट मात्र कुठल्याच कामाची नाही.

चौथी गोष्ट चोरीची. तुकोबारायांच्या पालखीचं रिंगण अकलूजला होतं, तेव्हाची गर्दी तुम्हाला माहीत आहे. अशा गर्दीत फोन गेला आणि त्याचा राखणदार शाबूत असला, तर चोराला आतलं मिळवणं अवघड जातं. राखणदार हटवलेला असला तर त्याचं काम सोपं होतं.

मग अडकणाऱ्या फोनचं काय करायचं? रूट न करता बरंच करता येतं. सेटिंगमध्ये ॲप्स उघडा. जे ॲप निघत नाही, त्याच्यावर बोट ठेवलं की बऱ्याचदा 'बंद करा' किंवा 'डिसेबल' असा पर्याय दिसतो. ते दाबलं की ॲप फोनमध्ये राहतं, पण झोपून राहतं. डेटा खात नाही, मेसेज पाठवत नाही. फोन, मेसेज, सिस्टीम अशी नावं असतील तिथे मात्र हात लावू नका. व्हॉट्सॲपवर रोज येणारे सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ पुसा. पुष्कळ फोन त्यांच्याच ओझ्याने दमलेले असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्याला सातबारा वाचता येतो. कब्जेदाराच्या जागी कुणाचं नाव आहे ते आपण बघतो आणि 'इतर हक्क' या रकान्यात कुणाचा बोजा आहे तेही बघतो. सोसायटीचं कर्ज असलं तर ते तिथे लिहिलेलं असतं. फोनलाही असाच सातबारा असतो. तो कागदावर नसतो, सेटिंगमध्ये असतो. रूटच्या किल्लीची चर्चा करण्याआधी हा उतारा वाचायला शिकूया.

कब्जेदाराचं नाव म्हणजे फोनमधलं गुगल खातं. नवा फोन घेतला की बरेचदा दुकानदारच खातं काढून देतो. पासवर्ड तोच टाकतो आणि आपल्याला तो माहीतही नसतो. काही घरांत खातं नवऱ्याचं असतं, काही ठिकाणी मुलाचं. फोन कधी पूर्ण पुसावा लागला की तो आधीच्या खात्याची ओळख मागतो. ती नसली तर आपलाच फोन आपल्याला दारात उभं करतो. शिवाय ज्याच्याकडे खात्याचा पासवर्ड, त्याला तिथे साठवलेले आपले फोटो आणि नंबर दुसऱ्या फोनवरूनही बघता येतात. म्हणून खातं आपल्या नावाचं हवं, पासवर्ड आपण ठरवलेला हवा आणि घरातल्या वहीत आपल्या हाताने लिहून ठेवलेला हवा. बाईने स्वतःचा पिन ठेवला म्हणजे ती घरापासून काही लपवते, असं नाही. घरात तिची पेटी असते, तिची किल्ली तिच्या कमरेला असते, त्यावर कुणी बोट ठेवत नाही. फोनचंही तसंच आहे.

आता इतर हक्कांचा रकाना. सेटिंगमध्ये सुरक्षा किंवा सिक्युरिटी उघडा आणि 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधा. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत 'ॲडमिन' लिहा. तिथे ज्या ॲपांची नावं चालू दिसतील, त्यांना आपल्या फोनवर जादा अधिकार आहेत. हरवलेला फोन शोधून देणारं गुगलचं ॲप तिथे असलं तर ते ठीक आहे. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर विचारा, हे कुणी आणि कधी टाकलं?

हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये कर्ज देणाऱ्याचं लॉक टाकलेलं असतं. हप्ता चुकला की फोन बंद पडतो. हा बोजाच आहे. फोन घेताना विचारा, यात लॉक आहे का? कागदावर तसं लिहिलंय का? हप्ता थकला म्हणून कुणाकडून लॉक तोडून घेऊ नका. त्यातून कर्ज फिटत नाही आणि फोनही हातचा जायचा. मात्र शेवटचा हप्ता भरला की तिथेच थांबू नका. पीककर्ज फिटल्यावर आपण बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करायला जातो ना? तसंच कर्ज फिटल्याचा दाखला लेखी घ्या आणि लॉक काढून घ्या.

या रकान्यात चोरही नाव लावायला बघतो. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, नाहीतर पीएम किसानच्या नावाने फाईल येते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी इंग्रजी अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अशी पत्रिका उघडली आणि त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. असं ॲप रूटची किल्ली मागत नाही. ते गोड बोलून परवानगी मागतं: मेसेज वाचू दे, स्क्रीन बघू दे, 'ॲक्सेसिबिलिटी' चालू कर. आपण होकारावर होकार देत जातो आणि बँकेचा ओटीपी त्याच्या हाती पडतो. कुलूप कितीही भक्कम असलं तरी कडी आतून आपणच काढली तर ते काय करणार? म्हणून एपीके फाईल उघडायची नाही, पाठवणारा मामा असो वा मावशी. त्यांचाही फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. पैसे गेलेच तर क्षणभर न थांबता १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

काही फोन आपल्या हातात असतात, पण आपले नसतात. सरकारी कामाचा फोन तसा असतो. आपल्या अंगणवाडी ताईंनी याचा चांगला धडा घालून दिलाय. पोषणाच्या नोंदी भरण्यासाठी सरकारने त्यांना फोन दिले होते. त्या फोनची ताकद कमी होती. ते तापायचे, अडकायचे, आणि २०२१ मध्ये आलेलं पोषण ट्रॅकर ॲप त्यांवर नीट चालेना. ॲपमधली इंग्रजीही त्रास द्यायची. ताईंनी कुणाकडून कुलूप तोडून घेतलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयात परत नेऊन दिले. चांगला फोन द्या आणि ॲप मराठीत द्या, अशी त्यांची मागणी होती. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे जबाबदारी, हे त्यांनी सगळ्या मिळून ठणकावून सांगितलं.

मैत्रिणींनो, रूटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. किल्ली कंपनीकडे असेल तर फोन नीट चालवायची, अपडेट द्यायची, मराठी द्यायची जबाबदारी तिची आहे आणि ती मागायचा आपल्याला हक्क आहे. मूळ किल्ली आपण घेतली तर फोनमध्ये जे होईल त्याची जबाबदारीही आपलीच. ती पेलायची तयारी असेल तर जुन्या फोनवर जरूर शिका. तयारी नसेल तर निदान आपल्या वाट्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात ठेवू नका.

गटांसाठी एक काम देतो. येत्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं जादा बसा. प्रत्येकीने आपला फोन स्वतः उघडायचा. मुलाला किंवा पुतण्याला हाक मारायची नाही. वहीत चार ओळी लिहायच्या. खातं कुणाच्या नावाचं? पासवर्ड कुणाला माहीत? ॲडमिनच्या यादीत कुणाकुणाची नावं? हप्त्याचं लॉक आहे का? जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवायचं, बोट मात्र तिचं तिनेच लावायचं. पिन टाकताना बाकीच्यांनी मान फिरवायची. गटाचा फोन असेल तर त्याचं खातं गटाच्या नावाने काढा आणि अध्यक्ष-सचिव बदलल्या की पासवर्डही बदला. तिजोरीची किल्ली सोपवतो तसा तो ठरावात लिहून सोपवा.

आणि ज्या नावाचा उलगडा होणार नाही, ते नाव आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्याचा छडा लावू. तोवर रामराम.