चिठ्ठी आणि माल



आपल्या गिरडच्या टेकडीवर जायफळाएवढे गोल दगड सापडतात. बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी दंतकथा आहे. आम्हांस त्यातून एकच प्रश्न उचलायचा आहे : गोणीवर ‘जायफळ’ अशी चिठ्ठी आहे, एवढ्यावरून आत जायफळ आहे असे कोठावळ्याने मानावे काय?

संगणकाचाही कोठावळा असतो. त्यास कर्नेल म्हणतात. पेनड्राइव्ह लावला की त्यावरील फाइलींची मांडणी तो आपल्या मांडणीस जोडून घेतो. हेच माउंट करणे. युनिक्समध्ये हा अधिकार ‘रूट’ या एकट्या मालकाचा होता. त्यास कारण होते. प्रत्येक फाइलीवर चिठ्ठी असते : मालक कोण, चालविताना अधिकार कोणाचा. डेनिस रिची यांनी शोधलेल्या ‘सेटयूआयडी’ खुणेमुळे फाइल चालविणारास फाइलीच्या मालकाचा अधिकार मिळतो. आता घरी बसून कोणी ‘मालक रूट’ अशी चिठ्ठी लिहिली आणि कर्नेलने ती मानली, तर तो क्षणात मालक! कामगारांच्या पुढाऱ्यास ही क्रांती गोड वाटावी. पण तीत एका लबाडाचे साधते आणि त्या यंत्रावरील सर्वांची कागदपत्रे उघडी पडतात.

2013 साली लिनक्सने साध्या वापरकर्त्यास स्वतःचे आवार आखू दिले. आवारात तो रूट, बाहेर साधाच. आत त्यास काही निवडक फाइल सिस्टिमी जोडता येतात : 2018 पासून फ्यूज, 2021 पासून ओव्हरलेएफएस. डिस्कवरील ईएक्सटी4 मात्र नाही. कारण ती वाचण्याचे काम कर्नेलच्या पोटात चालते आणि मुद्दाम बिघडविलेली मांडणी त्यास फसवू शकते. फ्यूजमध्ये ते काम बाहेर होते.

तरीही जानेवारी 2022 मध्ये एक भोक उघडकीस आले. माउंटसोबतच्या सूचना 4096 बाइटांच्या जागेत मावतात की नाही, हे एक वजाबाकी पाहत असे. उत्तर शून्याखाली गेले की ऋण संख्या न जाणणाऱ्या त्या हिशेबात ते प्रचंड होई, आणि फाटक सताड उघडे! उपाय एवढाच : वजाबाकीच्या जागी बेरीज.

यावर काही जण म्हणतात, साध्या माणसाचा हक्कच काढून घ्या. आम्हांस हे पटत नाही. अनोळखी पानांना कोंडून ठेवण्यासाठी ब्राउझर याच आवाराचा आधार घेतात. हक्क गेला की ते संरक्षणही दुबळे होते. शिवाय मालकाने स्वतः जोडलेला पेनड्राइव्ह बिघडविलेला नसेल कशावरून?

तरुणपणी आम्ही एका गिरणीत होतो. सुटीच्या भोंग्याला फाटकावर आमचे डबे उघडून पाहत. साहेबांची मोटार तशीच निघून जाई. आम्ही भांडलो ते झडती नको म्हणून नव्हे, ती सर्वांची सारखी व्हावी म्हणून. कर्नेलपाशीही आमचे मागणे तेच : माणूस पाहून फाटक उघडू नका, चिठ्ठी पाहून तर नाहीच. गोणी उघडा, माल पाहा, आणि मग खुशाल आत घ्या.